आरटीईत नंबर लागला, पडताळणीत अर्ज अडला : पुढे काय करायचं

आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा. त्याखाली खासगी शाळांत राखीव असलेल्या २५ टक्के जागांची सोडत निघते, मोबाइलवर निवड झाल्याचा मेसेज येतो. थोड्याच दिवसांत त्यातले काही पालक कागदपत्रं तपासणाऱ्या पडताळणी समितीच्या खोलीबाहेर फाइल छातीशी धरून उभे दिसतात. ‘अपात्र म्हणाले, का ते नीट कळलं नाही,’ हे वाक्य आमच्या मदतीच्या टेबलावर सगळ्यात जास्त ऐकू येतं. अर्ज लिहून देणं, कागद लावून देणं आणि गरज पडली तर गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात सोबत जाणं, असं हे आमचं काम आहे. त्यातून जे पक्कं कळलं ते इथे मांडतो आहोत. समितीने जे कारण दिलं, उत्तर त्याच कारणाला द्यायचं, आणि ते जागा दुसऱ्याला जायच्या आत द्यायचं. घरची गरिबी, मुलाची हुशारी, शेजारच्याला कसा प्रवेश मिळाला, हे सगळं खरं असलं तरी समितीपुढे त्याचा उपयोग होत नाही.

आधी एक स्पष्ट सांगतो. सोडतीत नावच आलं नाही, तर त्याविरुद्ध दाद मागण्यासारखं काही नसतं. प्रतीक्षा यादीत नाव आहे का ते पाहायचं आणि पुढच्या फेरीच्या मेसेजवर लक्ष ठेवायचं. मेसेजवरच विसंबूही नये, आरटीई प्रवेशाच्या सरकारी पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून दर एक-दोन दिवसांनी स्वतः पाहावं. नंबर बदललेला असतो, रिचार्ज संपलेलं असतं, आणि मुदत निघून जाते. दाद मागता येते ती दोन ठिकाणी : निवड होऊनही समितीने कागदपत्रांवरून अपात्र ठरवलं तेव्हा, आणि समितीने मान्य करूनही शाळा प्रवेश देत नाही तेव्हा. दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत.

समितीने नाकारलं असेल, तर खोलीतून बाहेर पडण्याआधी कारण लेखी मागा. पोर्टलवर शेरा टाकलेला असतो, त्याचा प्रिंट घ्या. पण शेरा बहुतेक वेळा ‘कागदपत्रे अपूर्ण’ एवढाच असतो, आणि त्यावर कुणालाच उत्तर देता येत नाही. म्हणून साध्या कोऱ्या कागदावर तिथेच चार ओळी लिहा : अर्ज क्रमांक, बालकाचं नाव, आजची तारीख, आणि ‘कोणते कागदपत्र कोणत्या कारणास्तव अमान्य केले ते लेखी कळवावे’. दोन प्रती करा. एक कार्यालयाला, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. आवक क्रमांक नसलेला अर्ज म्हणजे दिलेलाच नाही असं समजा. तोंडी ‘बघतो’ म्हटलं, कोणी फोनवर ‘होईल’ म्हटलं, तरी पुढच्या पायरीवर त्याची नोंद कुठेच नसते. लिपिकाने शिक्का द्यायला नकार दिला, तर त्याच दिवशी तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, कार्यालयाच्या ईमेलवरही टाका आणि पोस्टाची पावती फाइलला लावा.

सगळ्यात जास्त अर्ज राहण्याच्या पुराव्यावर अडतात, त्यामुळे इथे जरा थांबायला हवं. स्वतःचं घर असेल तर रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, वीज बिल, घरपट्टी यांतलं काहीतरी असतंच. चालणाऱ्या पुराव्यांची यादी दरवर्षीच्या सूचनेत दिलेली असते आणि ती थोडी-थोडी बदलते, म्हणून मागच्या वर्षी भावाच्या मुलाला जे चाललं त्यावर जाऊ नका. एकत्र कुटुंबात वीज बिल आजोबांच्या नावावर असतं, मुलाच्या वडिलांच्या नावाचं त्या घरात काहीच नसतं, आणि अर्ज तिथेच थांबतो. अशा वेळी ज्यावर आई किंवा वडिलांचं नाव आणि तोच पत्ता आहे असं कागदपत्र शोधायचं. रेशनकार्डवर सगळ्या कुटुंबाची नावं असतात, ते इथे कामाला येतं.

भाड्याने राहणाऱ्यांचं दुखणं वेगळं. भाडेकरार दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला लागतो. नोटरी केलेला करार चालत नाही, मग तो पाचशेच्या मुद्रांकावर केलेला असो. करार ११ महिन्यांचा किंवा जास्त मुदतीचा हवा आणि अर्ज भरण्याच्या आधीचा हवा. इथे एक घोटाळा वारंवार होतो. कुटुंब त्याच खोलीत तीन वर्षं राहतं, पण ११ महिने संपले की करार नव्याने होतो. अर्ज भरताना जुना करार चालू होता, पडताळणीच्या दिवशी पालक नवा करार घेऊन जातात, कारण त्यांना वाटतं चालू करारच दाखवायचा असतो. समिती तारीख बघते, ‘अर्जानंतरचा करार’ असा शेरा मारते. खरं तर जुना करार घरातच असतो. दोन्ही करार एकत्र लावले आणि घर तेच आहे हे दाखवलं की हा अर्ज सुटू शकतो. जुना करार हरवला असेल तर दस्त क्रमांकावरून दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची प्रत निघते. ऑनलाइन नोंदणी झालेली असेल तर ज्या एजंटाने करार केला त्याच्याकडे फाइल असते, आधी त्याला विचारा.

आधारवरचा पत्ता नुकताच बदललेला असेल, तर ‘अर्ज भरल्यावर पत्ता बदलला’ अशी शंका घेतली जाते. आधारच्या संकेतस्थळावर बदलांचा इतिहास उतरवून घेता येतो, त्यात कोणत्या तारखेला काय बदललं ते दिसतं. तो एक पानाचा कागद शंका मिटवायला पुरतो.

आता नकाशावरची पिन. अर्ज भरताना नकाशावर घराची जागा दाखवावी लागते आणि शाळेपर्यंतचं अंतर पोर्टल त्या पिनवरून काढतं. सायबर कॅफेत दहा अर्ज एकापाठोपाठ भरले जातात, पिन चौकात किंवा सोसायटीच्या मागच्या गल्लीत पडते, कोणाच्या लक्षात येत नाही. पत्ता एक, पिन दुसरीकडे असं दिसलं की चुकीचं अंतर दाखवून प्रवेश मिळवल्याचा ठपका बसतो आणि निवड रद्द होते. यावर बाजू मांडायची असेल तर अंतराचा टप्पा पाहायचा. शाळा एक किलोमीटरच्या आत, एक ते तीन किलोमीटर, असे टप्पे असतात. खऱ्या दारापासून मोजलं तरी शाळा त्याच टप्प्यात येत असेल, तर चुकीच्या पिनमुळे मुलाला कोणताही जास्तीचा फायदा झालेला नाही. हे अर्जात नेमकं लिहायचं. घराच्या दारात उभं राहून मोबाइलवर नकाशा उघडा, अक्षांश-रेखांश दिसतील असा स्क्रीनशॉट घ्या, शाळेच्या फाटकाशी दुसरा घ्या, दोन्ही प्रिंट जोडा, आणि स्थळपाहणी करावी अशी विनंती करा. पिन खरोखर टप्पा ओलांडून पडली असेल, घर साडेतीन किलोमीटरवर आणि पिन आठशे मीटरवर, तर मात्र आम्ही पालकांना खोटी आशा देत नाही. दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाच्या हक्काची ती जागा असते.

एकाच बालकाचे दोन अर्ज भरलेले आढळले तर तेही बाद होतात. हे मुद्दाम केलेलं असतंच असं नाही. पहिला अर्ज चुकला म्हणून नावाच्या वेगळ्या स्पेलिंगने दुसरा भरला जातो, पहिला काढून टाकायचा राहतो. मुदत संपायच्या आत पहिला अर्ज रद्द करा, त्यानंतर हातात काही उरत नाही.

नावांचा घोळ हा असाच रोजचा. जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव ‘बबन’, आधारवर ‘बबनराव’, जातीच्या दाखल्यावर आडनाव आधी. आईचं माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर. एवढ्यासाठी राजपत्रात नाव बदलायला धावू नका, त्यात वेळ जातो आणि मुदत निघून जाते. ‘या दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे’ असं प्रतिज्ञापत्र आणि आईच्या बाबतीत विवाह नोंदणी दाखला, एवढ्यावर बहुतेक प्रकरणं मिटतात. जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांसाठी आणि सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. तरीही कोर्टाच्या आवारात शंभराचा, आता तर पाचशेचा मुद्रांक घ्यायला लावतात. साध्या कागदावरचं प्रतिज्ञापत्र चालतं, हे ठामपणे सांगा.

जन्मदाखल्यावर बाळाचं नावच नसतं, रुग्णालयाने जन्म नोंदवला आणि नाव नंतर घालायचं राहून गेलं, असंही खूप दिसतं. नाव नंतर नोंदवता येतं : जन्मनोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत फी नाही, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. आणि जन्मदाखलाच नसेल तरी रस्ता बंद होत नाही. रुग्णालयातल्या किंवा परिचारिकेच्या नोंदवहीतला उतारा, अंगणवाडी किंवा बालवाडीच्या रजिस्टरचा दाखला, तोही नसेल तर वयाबद्दल पालकांचं प्रतिज्ञापत्र, हे पर्याय नियमांतच आहेत. शिवाय वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही बालकाला शाळेत प्रवेश नाकारता येणार नाही, असं कायद्याचं कलम १४ म्हणतं. हे कलम अर्जात नमूद करा. वय मात्र बसलं पाहिजे, पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण. वयाची वरची मर्यादाही असते, ती सूचनेत पाहून घ्या.

उत्पन्न आणि जात, यांत गोंधळ होतो तो प्रवर्ग निवडताना. दुर्बल घटकातून अर्ज असेल तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एक लाख रुपयांच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला लागतो. वंचित घटक, म्हणजे अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती, इतर मागासवर्ग, विशेष मागास प्रवर्ग, ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेलं मूल, अनाथ मूल, एचआयव्हीने बाधित किंवा प्रभावित मूल, यांना उत्पन्नाची अट नाही. ओबीसी मुलाकडे उत्पन्नाचा दाखला मागितला गेला तर तिथेच हे नम्रपणे दाखवून द्या. जातीचा दाखला वडिलांचा किंवा बालकाचा चालतो, पण तो महाराष्ट्रातल्या सक्षम अधिकाऱ्याने दिलेला हवा. परराज्यातून आलेल्या कुटुंबांचे अर्ज इथे अडतात आणि त्यावर आमच्याकडेही उपाय नाही. अशा कुटुंबाने सुरुवातीलाच, इथल्या तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मिळत असेल तर, दुर्बल घटकातून अर्ज भरावा. उत्पन्नाचा दाखला कोणत्या आर्थिक वर्षाचा आहे तेही वाचा. सेतू केंद्रातून आणलेला दाखला ताजा असतो, पण आतलं वर्ष सूचनेतल्या वर्षाशी जुळत नाही, असं होतं.

एकट्या आईच्या मुलाचा अर्ज समितीपुढे विशेष काळजीने ठेवावा लागतो. घटस्फोट झाला असेल तर न्यायालयाचा आदेश, खटला चालू असेल तर त्याचा पुरावा, पती वारले असतील तर मृत्युदाखला, आणि राहण्याचा पुरावा आईच्या नावाचा. ‘वडिलांचं आधार कुठे आहे’ असं सगळ्यांसमोर विचारलं की बायका गप्प होऊन परत येतात. हे व्हायला नको. फाइलमध्ये न्यायालयाचा कागद सगळ्यात वर ठेवा, म्हणजे तो प्रश्न निघतच नाही.

आता दाद मागण्याचा अर्ज. एक पान, फार तर दीड. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे एक प्रत, शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडे मुख्य अर्ज. महापालिका हद्दीत असाल तर महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे. वर सांगितलेल्या भाडेकराराच्या प्रकरणात मजकूर असा असतो :

‘महोदय, माझ्या पाल्याची (अर्ज क्रमांक …) आरटीई २५ टक्के प्रवेश प्रक्रियेत … या शाळेसाठी निवड झाली आहे. दि. … रोजी पडताळणी समितीने “भाडेकरार अर्जाच्या दिनांकानंतरचा आहे” या कारणावरून अर्ज अपात्र ठरवला. समितीने पाहिलेला करार हा त्याच घराचा नूतनीकरणाचा करार आहे. मूळ करार दि. … रोजी दस्त क्रमांक … अन्वये नोंदवलेला असून तो अर्ज भरण्यापूर्वीचा आहे. दोन्ही करारांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. तरी अपात्रतेचा निर्णय रद्द करून प्रवेश मान्य करावा, आणि या अर्जावर निर्णय होईपर्यंत सदर जागा प्रतीक्षा यादीतील बालकास देऊ नये, ही विनंती.’

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. हेच बहुतेक अर्जांत नसतं, आणि त्यामुळेच बरोबर असलेली प्रकरणं हातची जातात. कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाने लेखी तक्रारीवर दोन्ही बाजूंना म्हणणं मांडायची संधी देऊन तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. पण प्रवेशाच्या फेऱ्या तीन महिने थांबत नाहीत. जागा रिकामी ठेवण्याची विनंती अर्जातच नसेल, तर निर्णय तुमच्या बाजूने लागूनही शाळेत जागा उरलेली नसते. कलम ३२ चा उल्लेख विषयाच्या ओळीतच करा. नुसतं ‘विनंती अर्ज’ लिहिलं तर तो विनंती म्हणून फाइलला लागतो, ‘कलम ३२ अन्वये तक्रार’ लिहिलं तर त्याच्यामागे तीन महिन्यांची मुदत लागते.

सुनावणीला बोलावलं तर मूळ कागद आणि प्रतींचा एक संच घेऊन जा. कागदांना पान क्रमांक घाला, म्हणजे ‘पान चार बघा साहेब’ असं म्हणता येतं. अधिकाऱ्यापुढे पाच मिनिटं मिळतात. त्यात कारण काय दिलं, ते का चुकलं आणि पुरावा कुठे आहे, एवढंच सांगा. निर्णय तोंडी सांगितला तर लेखी प्रतीसाठी पुन्हा अर्ज द्या, तोही आवक क्रमांकासह.

दुसरा रस्ता शाळेविरुद्धचा. समितीने मान्यता दिली, पालक शाळेत गेले, आणि फाटकावरच सांगितलं जातं की जागा भरल्या, किंवा सरकारकडून मागचे पैसे आले नाहीत. शुल्काची प्रतिपूर्ती हा शाळा आणि शासनातला हिशेब आहे, तो मुलाच्या गळ्यात घालता येत नाही. मुलाची परीक्षा किंवा पालकांची मुलाखत घेतली, तर कलम १३ प्रमाणे पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. देणगी घेतली तर त्या रकमेच्या दहापटीपर्यंत. ‘आम्ही अल्पसंख्याक शाळा आहोत’ हे उत्तर मात्र खरं असू शकतं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू नाही असा निकाल दिला आहे. पण तशी शाळा पोर्टलच्या यादीत मुळात यायलाच नको होती, म्हणून दर्जाच्या प्रमाणपत्राची प्रत मागा. ‘एक किलोमीटरवर सरकारी शाळा आहे म्हणून आम्ही बांधील नाही’ असंही ऐकवतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियमात तसा बदल केला होता, पण मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द केला. ते कारण आता चालत नाही.

शाळेत गेल्याची तारीख, वेळ आणि कोणाशी बोललात त्यांचं पद लिहून ठेवा. शाळेला दिलेल्या अर्जाची पोच मिळत नसेल, तर तो स्पीड पोस्टाने मुख्याध्यापकांना पाठवा आणि प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. शाळेने पोर्टलवर ‘पालक आलेच नाहीत’ अशी नोंद केली, तर त्याला तोडायला ही पोस्टाची पावतीच लागते. प्रवेशाची शेवटची तारीख उलटायच्या आत ती फाइलमध्ये हवी.

शिक्षणाधिकाऱ्यांच्या निर्णयाने समाधान झालं नाही, तर अपील महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे करता येतं. मुंबईला खेटे घालायची गरज नाही, अर्ज टपालाने आणि ईमेलने जातो. मूळ अर्ज, आवक क्रमांक, निर्णयाची प्रत आणि कागदांचा तोच क्रमांकित संच जोडा, नवी गोष्ट सांगू नका. वकील लागेल असं वाटलं, तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्यात स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याची तरतूद आहे. अर्ज मुलाच्या नावाने करा. चौकशीसाठी १५१०० हा टोल फ्री क्रमांक आहे. उच्च न्यायालयात रिट याचिका करणं हा शेवटचा मार्ग, आणि तिथे उशिरा जाणाऱ्याला फार कमी मिळतं. जून उलटून महिने गेल्यावर वर्गातल्या जागेसाठी आदेश मिळणं कठीण.

माहिती अधिकाराचा अर्ज जरूर टाका : दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तोही नाही. समितीच्या शेऱ्याची, इतिवृत्ताची आणि प्रतीक्षा यादीतून त्या शाळेत कोणत्या तारखांना प्रवेश दिले त्याची प्रत मागा. उत्तराला ३० दिवस लागतात, म्हणून याच्या भरवशावर मुख्य तक्रार थांबवू नका. उत्तर आयोगापुढच्या अपिलाला कामी येतं.

प्रवेश मिळाला की काम संपलं असं पालक समजतात. शाळेने पोर्टलवर प्रवेश निश्चित केल्याची नोंद पाहा आणि तिचा प्रिंट घ्या. मुलाचा जनरल रजिस्टर क्रमांक, म्हणजे शाळेच्या विद्यार्थी नोंदवहीतला क्रमांक, लिहून घ्या. ‘उपक्रम शुल्क’ किंवा ‘डिजिटल क्लासचे पैसे’ म्हणून कोणी रोख मागितलं, तर पावती मागा. पावतीवर शुल्काचं नाव लिहिलेलं असतं, आणि पुढची तक्रार त्या नावावर करायची असते.